झेंडा सत्याग्रह, १९२३: नागपूरच्या सदर भागाचा रस्ता जिंकला की मागून घेतला?

टेकडीरोड (धागालेखक)

गेल्या महिन्यात आणंदकडचे एक स्नेही नागपुरात आले होते. त्यांचे पणजोबा १९२३ साली खेडा जिल्ह्यातून इथे आले आणि झेंडा सत्याग्रहात पकडले गेले. ती पकडले गेल्याची जागा पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. मी जन्माने नागपूरचा, वयाची साठी ओलांडलेला, आणि तरीही मला त्यांना बर्डीपासून सदरपर्यंत नुसते फिरवून आणण्यापलीकडे काही करता आले नाही. परतताना त्यांनी सहज विचारले, की हा रस्ता शेवटी तुम्ही जिंकला होता, की सरकारने तो तुम्हांला दिला होता? मी गप्प राहिलो. नंतर जे वाचले त्यातून उत्तर मिळाले असे म्हणवत नाही, पण प्रश्न किती अवघड आहे ते समजले, म्हणून हा धागा.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२३च्या मार्चमध्ये जबलपूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर काँग्रेसचा चरख्याचा झेंडा लावला आणि अधिकाऱ्यांनी तो उतरवला. त्याचे पडसाद मध्य प्रांताच्या राजधानीत, म्हणजे आपल्या गावी उमटले. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे वळताच पोलिसांनी अडवली. शहरात झेंड्याला आडकाठी नव्हती. साहेबांचे बंगले ज्या भागात होते, त्या भागात तो दिसता कामा नये, एवढाच हट्ट होता. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली रीतसर सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची छोटी तुकडी निघायची, बंदी असलेल्या हद्दीपर्यंत जायची, हुकूम ऐकायची आणि पुढे पाऊल टाकून अटक करवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. हे ११० दिवस चालले.

१७ जूनला जमनालालजी पकडले गेले. त्यांना १८ महिन्यांची सजा आणि ३,००० रुपये दंड झाला. पुढची सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. ऑगस्टमध्ये वल्लभभाई आणि त्यांचे थोरले बंधू विठ्ठलभाई यांची गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याशी भेट झाली, आणि १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून कोणीही न अडवता सदरपर्यंत गेली. सत्याग्रह पूर्ण झाल्याचे वल्लभभाईंनी जाहीर केले. सप्टेंबरच्या सुरुवातीस कैदी सुटले.

आता पेच असा, की सरकारच्या बाजूने सांगितले गेले, काँग्रेसने परवानगी मागितली आणि ती देण्यात आली. वल्लभभाईंनी जाहीरपणे सांगितले, की परवानगी मागितलीच नाही. दोन्ही विधाने एकाच मिरवणुकीबद्दल आहेत. जाणकारांनी आपले मत मांडावे.

महाल_जुनावाडा

धाग्याबद्दल आभार. माझ्या मते १९२३ची गोष्ट १९२०पासून सांगायला हवी, आणि तीही नागपूरचीच आहे.

डिसेंबर १९२०चे काँग्रेस अधिवेशन आपल्याकडे भरले. अध्यक्ष विजयराघवाचार्य होते, स्वागताध्यक्ष जमनालालजी. काँग्रेसनगर हे नाव त्याच अधिवेशनाची खूण आहे, हे त्या भागात राहणाऱ्यांतही अनेकांना ठाऊक नसते. असहकाराचा ठराव आणि चार आण्यांचे सभासदत्व यांची आठवण सगळे काढतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ध्येयवाक्यातला बदल. तोवर काँग्रेसचे मार्ग ‘सनदशीर’ होते. नागपूरला त्या जागी ‘न्याय्य आणि शांततामय’ असे शब्द आले. ‘सनदशीर’मध्ये सरकारचा कायदा हीच मर्यादा असते. ‘न्याय्य आणि शांततामय’ म्हटले, की कायदा मोडला तरी चालतो, मात्र मोडणारा हात कोणावर उगारलेला नसावा. सविनय कायदेभंगाला काँग्रेसच्या घटनेत जागा मिळाली ती या एका शब्दाच्या अदलाबदलीतून, आणि ती अदलाबदल जीनांना मान्य नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

गंमत अशी, की त्या वेळचे नागपूर गांधींचे मुळीच नव्हते. इथे टिळकांचा शब्द चाले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले, तेव्हा डॉ. मुंजे यांनी अधिवेशनाचे अध्यक्षपद अरविंद घोषांनी घ्यावे म्हणून खटपट केली आणि पाँडेचरीहून नकार आला. अशा गावाने तीन वर्षांनी निव्वळ चालत जाऊन अटक करवून घेण्याचा उद्योग ११० दिवस रेटला. हा पालट कसा झाला, याचे कुतूहल मला तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा जास्त आहे.

दुसरे असे, की १९२३ हा पडता काळ होता. चौरीचौऱ्यानंतर फेब्रुवारी १९२२मध्ये गांधींनी चळवळ थांबवली, मार्चमध्ये ते येरवड्याला गेले. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने तर देश सामुदायिक कायदेभंगाला तयार नसल्याचे सांगून टाकले. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढून कौन्सिलांची वाट धरली. अशा वेळी सत्याग्रह चालतो हे दाखवण्यासाठी काहीतरी लहान, नेमके, आवाक्यातले हवे होते. नागपूरचा रस्ता तसा होता. एक मैलभराचा.

कलम_आणि_उपकलम

मी पेशाने वकील आहे, म्हणून कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो. जिल्हा न्यायाधिकाऱ्यांचा मिरवणूकबंदीचा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४व्या कलमाखालचा होता. हे कलम आजही नव्या क्रमांकाने आपल्यासोबत आहे, हे सांगण्याची गरज नसावी. त्या काळच्या संहितेनुसार असा हुकूम सामान्यतः दोन महिन्यांपुरताच टिकत असे. याचा अर्थ, सत्याग्रह लांबला की सरकारला पुन्हा पुन्हा ठरवावे लागे, की एका कापडासाठी आपण हा हुकूम आणखी किती वेळा काढणार. ऑगस्टच्या मध्यास बंदीची मुदत संपली आणि ती पुढे वाढवली गेली नाही. १८ तारखेची मिरवणूक निघाली तेव्हा मोडायला हुकूमच शिल्लक नव्हता. धागालेखकांच्या प्रश्नाचे माझ्या दृष्टीने उत्तर इथेच आहे. जिथे मनाई उरलेली नाही तिथे परवानगी मागितली की नाही, हा प्रश्न कायद्याचा राहत नाही, तो अब्रूचा होतो. दोन्ही पक्ष आपापल्या अब्रूसाठी बोलत होते.

याहून रंजक भाग कलम १०९चा आहे. उपजीविकेचे उघड साधन नसलेल्या, संशयास्पद रीतीने वावरणाऱ्या इसमाकडून जामीन घेण्याची ती तरतूद होती. आपल्या भाषेत भटक्या-उडाणटप्पूंसाठीचे कलम. बाहेरगावाहून येणाऱ्या स्वयंसेवकांना झेंडा हाती घेण्याआधीच पकडण्यासाठी ते वापरले गेले. ज्यांच्या घरी बैलांच्या चार-चार जोड्या आहेत अशा पाटीदारांच्या मुलांना सरकारी कागदावर उडाणटप्पू ठरवण्यात आले. धागालेखकांच्या स्नेह्यांचे पणजोबा कदाचित झेंडा उचलण्यापूर्वी स्टेशनवरच पकडले गेले असतील. ती जागा मात्र तुम्ही त्यांना नक्की दाखवू शकता.

टेकडीरोड (धागालेखक)

कलम_आणि_उपकलम, ही शक्यता माझ्या लक्षातच आली नव्हती. आम्ही स्टेशनवरूनच आलो आणि स्टेशनवरूनच गेलो, मधला वेळ भलतीकडे शोधत होतो असे झाले म्हणायचे.

दंडाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. जमनालालजींनी दंड भरला नाही, म्हणून त्यांची मोटार जप्त झाली. लिलावात बोली लावायला इथे कोणी पुढे येईना, आणि अखेर ती गाडी काठेवाडात नेऊन विकावी लागली. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची संख्या सगळे सांगतात. त्या लिलावात हात वर न करणाऱ्यांची संख्या कोणी मोजलेली नाही. ते लोक तुरुंगात गेले नाहीत, भाषणे केली नाहीत, बहुधा दुसऱ्या दिवशी आपापल्या दुकानात बसले असतील. पण १९२३ साली मोटार म्हणजे काय चीज होती याचा विचार केला, तर स्वस्तात मिळणारी मोटार न घेणे ही व्यापारी माणसासाठी लहान गोष्ट नव्हती.

स्पष्टवक्ता_धरमपेठ

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. आपण या प्रकरणाला गरजेपेक्षा मोठे करत आहोत. हजारावर माणसे तुरुंगात गेली, गड्यांनी दळण दळले, गिट्टी फोडली, आणि मिळाले काय? एका दिवशी एका रस्त्याने एक मिरवणूक. झेंड्याला मान्यता मिळाली नाही, कर कमी झाला नाही, एकही जुलमी कायदा रद्द झाला नाही. त्यातही अखेर वाटाघाटी झाल्याच, गव्हर्नरांच्या भेटीगाठी झाल्याच. इंग्रजी वृत्तपत्रांनी प्रांतिक सरकारला नरमाईबद्दल झोडपले, हे खरे, पण विरोधक चिडला म्हणून आपण जिंकलो असे होत नाही. ज्या कायदेभंगाचा शेवट मुदत संपण्याची वाट पाहण्यात होतो, त्याला मी तरी कायदेभंग म्हणणार नाही.

महाल_जुनावाडा

स्पष्टवक्ता, आपले म्हणणे निकाली काढण्यासारखे नाही. पण ‘एका रस्त्याने एक मिरवणूक’ ही मागणीच मुळात तेवढी होती, हे आपण सोडून देता. मागणी लहान ठेवणे हे त्या सत्याग्रहातले कसब होते. मोठी मागणी नाकारताना सरकारला कारणे द्यावी लागत नाहीत. लहान मागणी नाकारताना मात्र ती का नाकारली, हे रोज नव्याने सांगावे लागते. झेंडा शहरात चालतो आणि सिव्हिल लाइन्समध्ये चालत नाही, याचे एकही कारण असे नव्हते की जे चारचौघांत मोठ्याने सांगता येईल. खरे कारण सर्वांना माहीत होते.

आणि मिळाले काय, याचे उत्तर नागपुरात शोधू नका. वल्लभभाई इथून गेले आणि त्याच वर्षाअखेर बोरसदला दंडात्मक कराविरुद्ध उभे राहिले. १९२८ साली बारडोली झाली. रोजची तुकडी, रोजची मोजदाद, बाहेरगावची रसद, सरकारशी बोलताना कुठे थांबायचे याचा अंदाज, हा सराव नागपूरने दिला, असे मी मानतो. विनोबाही याच सत्याग्रहात पकडले जाऊन नागपूर आणि मग अकोल्याच्या तुरुंगात राहिले, आणि १९४०मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधींनी त्यांनाच निवडले.

अवांतर: मेमध्ये सत्याग्रह सुरू करणाऱ्यांच्या जिद्दीला नागपूरकर म्हणून माझा वेगळा नमस्कार. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांच्या, उन्हात दुपारी बर्डीवर उभे राहून पाहावे, म्हणजे अहिंसेला केवढी शारीरिक ताकद लागते ते कळते.

चवदार_पाणी

धागा वाचते आहे. चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी एक बाजू अजून कोणीच मांडलेली नाही, म्हणून लिहिते.

झेंडा सत्याग्रह ऐन भरात असताना, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्य वर्गाला खुली असावीत, असा तो ठराव. म्हणजे इकडे नागपुरात साहेबाच्या रस्त्यावरून आपला झेंडा का नेऊ देत नाही, असे विचारले जात होते, आणि त्याच पंधरवड्यात तिकडे आपल्याच पाणवठ्यावर आपल्याच माणसाला का येऊ देत नाही, हा प्रश्न कागदावर आला होता. पहिल्या प्रश्नाला ११० दिवसांत उत्तर मिळाले. दुसऱ्याचे काय झाले ते आपण जाणतो. महाडच्या नगरपालिकेने ठरावानुसार तळे खुले केले, पण त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या दिवशी लोकांनी मार खाल्ला.

कायद्याच्या जाणकारांनी यावर लिहावे असे वाटते. नागपुरात कायदा आडवा होता आणि गाव पाठीशी होते. महाडला कायदा बाजूने होता आणि गाव आडवे होते. १९२७च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळी विरोधकांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला, तेव्हा हजारो लोक तळ्यावर जायला तयार असतानाही बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. त्यांनी दावा लढवला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षे. ज्यांच्या मागे गाव नसते, त्यांना कायदा मोडणे परवडत नाही, कारण कायदा हाच त्यांचा एकुलता आधार असतो. झेंडा सत्याग्रहाला मी कमी लेखत नाही. तो सर्वांना सारख्याच किमतीत करता येण्यासारखा नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि हे नागपूरबाहेरचे आहे असेही कोणी म्हणू नये. ऑगस्ट १९३०मध्ये, देशभर कायदेभंग चालू असताना, अखिल भारतीय दलित परिषद याच शहरात भरली होती. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी स्वराज्य हवे असे स्पष्ट सांगितले, आणि त्या स्वराज्याच्या घटनेत आम्हांला संरक्षण हवे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

कलम_आणि_उपकलम

चवदार_पाणी, आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो माझ्या आधीच्या प्रतिसादात यायला हवा होता. सविनय कायदेभंगाच्या चर्चेत कायदा म्हणजे नेहमी सरकारचा कायदा, असे आपण गृहीत धरतो. रूढीला कलम नसते, पोलीस नसतो, मुदत तर मुळीच नसते. १४४चा हुकूम दोन महिन्यांनी संपतो. तो संपण्याची वाट पाहता येते.

एक जोड देतो. मार्च १९२४मध्ये त्रावणकोरातील वैकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पद्धत जवळजवळ नागपूरचीच होती. रोज मोजकी माणसे पुढे जायची आणि अटक करवून घ्यायची. पहिल्या दिवशी तिघे गेले. मागणीही तशीच लहान, एका रस्त्याने चालण्याची. तिथे मात्र दीड वर्षाहून अधिक काळ लागला, आणि तरीही पूर्वेकडच्या रस्त्याचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. साहेब लवकर वाकला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो.

वऱ्हाडी_पाहुणा

नागपूरकरांच्या धाग्यात यवतमाळकराने बोलावे की नाही, हा विचार करत होतो, पण कायदेभंगाची गोष्ट निघाल्यावर वऱ्हाड वगळून कसे चालेल?

१९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह ठरला तेव्हा आमच्यापुढे सरळ अडचण होती, की समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यातील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात घेववत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याला शिव्या घातल्या, तेच दहीहंड्याला कढईत आटवून मीठ काढले गेले. चव कशी होती ते विचारू नये. कायदा मोडण्यापुरते ते मीठ होते.

पण पावसाळा लागल्यावर मीठही होईना, आणि खरे सांगायचे तर मिठाचा कायदा आमच्या माणसाच्या रोजच्या वाटेत येत नव्हता. रोजच्या वाटेत येत होते जंगल. गुरांना चराईचा पास, गवताला पैसे, सरपणाला पैसे, चुकून गाय राखीव हद्दीत गेली तर कोंडवाडा. निस्ताराचे, म्हणजे गावाने जंगलातून घरगुती गरजेपुरते गवत-लाकूड घेण्याचे, हक्क आजोबांच्या वेळी होते आणि नातवाच्या वेळी कागदावर आक्रसत गेले होते. म्हणून १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून अटक करवून घेतली. विळा, मूठभर गवत, एवढेच साहित्य. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवार यांनीही जंगल सत्याग्रहात भाग घेतला आणि नऊ महिन्यांची सजा भोगली.

माझ्या दृष्टीने झेंडा सत्याग्रह आणि जंगल सत्याग्रह यांत मोठा फरक आहे. झेंड्यासाठी जाणाऱ्याला आधी झेंडा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागे. गवतासाठी जाणाऱ्याला काहीच समजावून सांगावे लागत नव्हते. म्हणूनच जंगल सत्याग्रह पुढाऱ्यांच्या हातातून झपाट्याने गावांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या हातात गेला, आणि म्हणूनच तिथे सरकारनेही हात आखडता घेतला नाही. सिवनी जिल्ह्यातील तुरिया इथे त्याच वर्षी गोळीबार झाला. मेलेल्या चौघांत तिघी बाया होत्या. हा प्रांत तोच, राजधानी नागपूर तीच. सात वर्षांपूर्वी बॅरिस्टर आणि शेटजी मिरवणूक घेऊन आले तेव्हा गव्हर्नरांनी भेट दिली होती.

स्पष्टवक्ता_धरमपेठ

वऱ्हाडी_पाहुणा, आपला प्रतिसाद वाचून माझे आधीचे मत थोडे बदलावे लागत आहे, पण आपल्याला अपेक्षित असलेल्या दिशेने नव्हे. मला आता असे वाटते, की १९२३चा सत्याग्रह सरकारला सोसवणारा होता, म्हणून सरकारने तो सोसला.

जाता जाता, याच शहराने १९२७ साली याच्या उलट प्रयोगही पाहिला. मंचरशा आवारी यांनी शस्त्रबंदीचा कायदा मोडण्यासाठी तलवारी हाती घेऊन मिरवणुका काढल्या. कोणावर वार करायचा नाही, फक्त बाळगायची आणि अटक करवून घ्यायची. ते तुरुंगात गेले, तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केले. गांधींनी मात्र याला सत्याग्रह मानले नाही. मला हा प्रसंग नेहमी कोड्यात टाकतो. ज्या तलवारीने वार करायचाच नाही, ती आणि ज्या झेंड्याला मान्यताच नाही तो, यांत कायदा मोडण्याच्या दृष्टीने फरक कोणता?

महाल_जुनावाडा

फरक पाहणाऱ्याच्या मनात आहे. झेंडा पुढे येताना पाहून पोलिसाला भीती वाटत नाही, आणि ज्याला भीती वाटत नाही त्याला आपण लाठी का उगारतो आहोत, हे स्वतःलाच विचारावे लागते. तलवार पाहून ते विचारण्याची गरज उरत नाही. गांधींचा आक्षेप मला तरी असा समजला. याउपर आवारींच्या धैर्याबद्दल शंका नाही.

सत्याग्रहींच्या धैर्याबद्दल मात्र एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर आपली चर्चा आरतीसारखी होईल. नागपूरच्या तुरुंगात आलेल्यांपैकी अनेकांनी माफीनामे लिहून सुटका करून घेतली. हुबळीहून आलेले डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या पथकातील स्वयंसेवकांनी ते लिहिले नाहीत, आणि हा फरक इतका डोळ्यांत भरला, की त्याच वर्षाअखेर काकीनाडा काँग्रेसमध्ये हर्डीकरांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवादल उभे राहिले. स्वयंसेवकाला तुरुंगात पाठवण्याआधी शिकवावे लागते, हे नागपूरच्या माफीनाम्यांनी काँग्रेसला शिकवले.

पाचपावली_माळा

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो, की पणजोबा झेंडा सत्याग्रहात तुरुंगात होते. गणपतीत, लग्नात, कोणी पाहुणा आला की ही गोष्ट निघायचीच. तीन वर्षांपूर्वी जुने घर पाडले तेव्हा माळ्यावरच्या पेटीत काही कागद सापडले. त्यांत पणजोबांच्या वडिलांचे एक पोस्टकार्ड आहे. बरेचसे मोडीत, बरेचसे पुसलेले. एका ओळखीच्या गृहस्थांनी वाचून जेवढे सांगितले त्याचा आशय असा, की पाऊस वेळेवर आला आहे, डवरणीला माणूस नाही, थोरला आजारी आहे, आणि तू कागदावर सही करून निघून ये, गावात कोणी काही म्हणणार नाही. म्हणजे पणजोबांनी सही केली असावी. तीन महिन्यांची म्हणून आम्ही जी सजा सांगत आलो ती तीन आठवड्यांचीही भरत नाही.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, की पेटी परत ठेवून दे. त्यानंतर आमच्या घरात ही गोष्ट कोणी सांगत नाही. मलाही ती सांगता येत नाही आणि सोडवतही नाही. धागालेखकांच्या स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न वाचला तेव्हापासून मला हेच आठवत आहे. त्या हजारावर माणसांच्या आकड्यात माझे पणजोबा धरलेले असतील का?

टेकडीरोड (धागालेखक)

पाचपावली_माळा, आकडे अटक झालेल्यांचे आहेत, त्यामुळे ते धरलेले असणारच. आपण लिहिलेत हे फार बरे केलेत.

मी आपला प्रतिसाद आणंदच्या स्नेह्यांना दूरध्वनीवरून वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, की आमच्याकडेही पणजोबा नक्की कधी परतले हे कोणी सांगत नाही, फक्त गेले कधी ते सांगतात.

एक विचारतो. पोस्टकार्डावर तारीख किंवा टपालाचा शिक्का वाचता येतो का? तो मिळाला तर आपले पणजोबा जमनालालजी बाहेर असतानाच्या तुकड्यांत होते की वल्लभभाई आल्यानंतरच्या, हे ठरवता येईल.

पाचपावली_माळा

शिक्का अर्धा आहे, त्यावर ‘नागपूर’ एवढेच इंग्रजीत दिसते. मजकुराच्या वर आषाढ असे वाचले गेले आहे, पुढची तिथी पुसली आहे. एखाद्या चांगल्या मोडी वाचकाला दाखवायची इच्छा आहे. शहरात कोणी असल्यास कळवावे, पोस्टकार्ड मी स्वतः घेऊन येईन. टपालाने पाठवण्याचा धीर होत नाही.

चवदार_पाणी

माझ्या आत्या महसूल खात्यात होत्या, जुन्या मोडी फेरफारांवर त्यांनी वीस वर्षे काम केले आहे. आता निवृत्त आहेत, इंदोऱ्याला राहतात, म्हणजे तुम्हांला फार लांब नाही. नजर थोडी कमी झाली आहे, म्हणून सकाळच्या उजेडात या. व्यक्तिगत संदेशातून पत्ता देते.